पुन्हा पहिल्या रेघेपासून

30 डिसेंबर 1866 रोजी लंडनजवळच्या सिडनहॅममधल्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. काच आणि लोखंडाच्या त्या अवाढव्य प्रदर्शनगृहाचं उत्तरेकडचं टोक जळून गेलं. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांना हळहळ वाटली ती इमारतीची. पण त्या आगीत मराठवाड्याचंही काही जळत होतं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या भल्यामोठ्या प्रतिकृती तिथे मांडलेल्या होत्या. रॉबर्ट गिल नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने काढलेल्या 27 प्रतिकृतींपैकी चारच उरल्या. दीड तपाहून जास्त काळाची मेहनत एका दिवसात संपली.

चिकाटीच्या गोष्टी आपल्याला लहानपणापासून ऐकवल्या जातात. रोज थोडं करत राहा, एक दिवस फळ मिळेल, असा त्यांचा साचा असतो. अजिंठ्याची चित्रं उतरवून घेणाऱ्यांचा इतिहास या साच्यात बसत नाही. या माणसांनी वर्षानुवर्षं रोजचं काम रोज केलं. त्यांचं काम जळालं, पुन्हा जळालं, एकदा भूकंपात गेलं. शिवाय याच मेहनतीने मूळ चित्रांची थोडी खराबीही केली. तरीही आज अजिंठ्याबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातला फार मोठा वाटा या माणसांचा आहे.

छत्रपती संभाजीनगरहून जळगावच्या रस्त्याने निघालं की फुलंब्री, सिल्लोड मागे टाकत शंभरेक किलोमीटरवर अजिंठ्याचा डोंगर येतो. अजिंठा गाव घाटाच्या वर, फर्दापूर घाटाखाली, आणि मध्ये वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखा कोरून काढलेला कडा. त्या कड्यात 30 लेणी आहेत. काही इसवी सनापूर्वीची, बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातली. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ शिकारीच्या मागावर इथे पोहोचला आणि दहाव्या लेण्यातल्या एका खांबावर स्वतःचं नाव कोरून गेला. इंग्रजी पुस्तकांत याला ‘शोध’ म्हणतात. आसपासच्या गावांना लेणी माहीतच होती. स्मिथलाही कुणीतरी वाट दाखवली असणारच.

शोधानंतर लगेच सुरू झाली ती ओरबाड. 1830 च्या सुमाराला डॉ. जेम्स बर्ड नावाच्या गृहस्थांनी भिंतीवरच्या काही आकृती सोलून नेण्याचा प्रयत्न केला. बौद्ध धर्माच्या अभ्यासासाठी, असं त्यांचं म्हणणं. अजिंठ्याचा गिलावा म्हणजे माती, तूस, वनस्पतींचे तंतू यांचा लेप. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. इटलीतल्या चर्चांप्रमाणे ओल्या चुन्यात मुरलेली ही चित्रं नव्हेत, सुक्या पृष्ठभागावर डिंकासारख्या बंधकाने धरलेली आहेत. ती सोलली की भुगा होतो, आणि तसंच झालं. बर्ड यांच्यासारखे आणखीही हौशी आले. कुणी चेहरे कापून नेले, कुणी नावं कोरली.

स्थापत्याचा अभ्यासक जेम्स फर्ग्युसन 1839 मध्ये लेणी पाहून गेला होता. भारतातल्या कोरीव लेण्यांवरचा निबंध त्याने 1843 मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत वाचला आणि ही चित्रं नाहीशी होण्याआधी उतरवून घ्या, असा आग्रह धरला. सोसायटीने ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांकडे रदबदली केली. 1844 मध्ये मद्रासच्या सैन्यातल्या कॅप्टन गिलची या कामावर नेमणूक झाली. तेव्हा तो चाळिशीत होता.

पूर्णाकृती प्रतिकृती काढायची म्हणजे काय, हे जरा डोळ्यांसमोर आणायला हवं. लेण्यातली भिंत अंधारात असते. कडा अर्धवर्तुळाकार, त्यामुळे प्रत्येक लेण्याचं तोंड वेगळ्या दिशेला. एकात ऊन सकाळी शिरतं, दुसऱ्यात दुपारनंतर. चित्रकाराचा कामाचा दिवस असा उन्हाच्या हातात. चित्रावर काजळी, वटवाघळांची घाण, कोळिष्टकं. कुठे गिलावा सुटून पोपडा लोंबतोय, तिथे हात लावायची सोय नाही. माणसं खच्चून भरलेली. राजवाड्यातल्या एका प्रसंगात दासी, भाट, हत्ती, माकडं, केळीची पानं, आणि चौकट कुठेच नाही. एक कथा संपते तिथेच दुसरी सुरू. उतरवून घेणाऱ्याने ठरवायचं की आज इथून इथपर्यंत. हात, मग दंडावरचा अलंकार, मग त्याच्या मागचा खांब. एका दिवसात फार पुढे जाता येत नाही, आणि घाईने ओढलेली रेघ शेजारच्या मूळ रेघेसमोर लगेच उघडी पडते.

गिल अजिंठा गावातल्या बारादरीत राहिला. 1863 पर्यंत त्याचं हे काम चाललं. मध्येच, 1856 च्या सुमाराला, त्याच्या हाती कॅमेरा आला. लेण्यांची त्याने घेतलेली छायाचित्रं 1864 मध्ये फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकरूपाने निघाली. जोडचित्रं दुर्बिणीसारख्या यंत्रातून पाहिली की खोली दिसावी, अशा प्रकारची ती होती. गिल यांत्रिक कॅमेरा वापरू लागला म्हणून त्याने ब्रश टाकला नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे. त्या काळच्या कॅमेऱ्याला रंग दिसत नव्हते आणि अंधाऱ्या भिंती पेलत नव्हत्या.

मराठी वाचकाला गिल माहीत असतो तो पारोमुळे. अजिंठ्यातल्या या स्त्रीबरोबर त्याचं सहजीवन होतं. 1856 मध्ये ती वारली आणि गावात तिची कबर आहे. जवळच्याच पळसखेडचे कवी ना. धों. महानोर यांनी या दोघांवर ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य लिहिलं, त्यावर 2012 मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांचा चित्रपटही आला. प्रेमकथेला लोकांच्या मनात जागा मिळाली त्यात नवल नाही. पण त्यामुळे एक झालं. गिल म्हणजे पारोचा साहेब, एवढंच उरलं. त्याची खरी गोष्ट भिंतीसमोरच्या हजारो कंटाळवाण्या दिवसांची आहे, आणि कंटाळवाण्या दिवसांवर चित्रपट काढता येत नाही.

आगीनंतरही गिलने हा मुलूख सोडला नाही. 10 एप्रिल 1879 रोजी तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे.

तोवर त्याच भिंतींसमोर दुसरी तुकडी येऊन बसली होती. मुंबईच्या कलाशाळेतले, म्हणजे आजच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले, शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी 1872 मध्ये मुंबई सरकारच्या पैशाने काम सुरू केलं. गिलच्या प्रतिकृती जळाल्या, तेव्हा नव्याने करायला हव्यात, हेच या मोहिमेचं कारण. पण पद्धत बदलली. गिल एकट्याच्या बळावर झुंजत होता. ग्रिफिथ्सनी विद्यार्थी आणले. हिवाळ्यात मुंबईहून यायचं, लेण्यांजवळ मुक्काम करायचा, उन्हाळा तापायच्या आत परतायचं. मध्ये काही वर्षं सरकारने हात आखडता घेतला, पुन्हा पैसे दिले. असं करत 1885 पर्यंत काम चाललं.

या विद्यार्थ्यांत पेस्तनजी बोमनजी होते, जे पुढे नावाजलेले व्यक्तिचित्रकार झाले. जगन्नाथ अनंत होते, जयराव राघोबा होते. गिरगाव-परळच्या जगातून आलेली ही पोरं इंग्रजी पद्धतीने प्लास्टरच्या ग्रीक पुतळ्यांवरून रेखाटन शिकत होती, आणि इथे त्यांना दीड हजार वर्षांपूर्वीच्या आपल्याच कारागिरांची रेघ उतरवावी लागत होती. सांगाडा न मोजता कंबर वळवणारी, सावली न टाकता गाल फुगवणारी रेघ. ग्रिफिथ्स यांनी पुढे लिहिलेल्या ग्रंथात सोळाव्या लेण्यातल्या मरणासन्न राजकन्येच्या चित्राची इटलीच्या मोठ्या चित्रकारांशी तुलना केली, आणि कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना याहून चांगला गुरू मिळणार नाही, अशा अर्थाचं म्हणणं मांडलं. परकीय मास्तरने हे म्हणावं आणि मुंबईतल्या अनेक शिकल्यासवरल्या घरांनी ही लेणी पाहिलेलीही नसावीत, हे त्या काळाचं चित्र.

छतांवरची नक्षीही उतरवली गेली. पहिल्या आणि दुसऱ्या लेण्याची छतं म्हणजे लहान लहान चौकोनांत कमळं, फळं, हंस, झुंजणारे बैल. हे नमुने कागदावर आले आणि कलाशाळेतच जॉर्ज टेरी यांनी चालवलेल्या मातीकामाच्या शाखेत फुलदाण्यांवर, ताटल्यांवर चढले. डोंगरातल्या छतावरची कमळं विलायतेच्या दिवाणखान्यात अशी पोहोचली.

सुमारे 300 कॅनव्हास झाले. ते लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयात गेले. 1885 मध्ये तिथल्या कोठाराला आग लागली आणि त्यातले शंभराहून अधिक जळाले.

दुसऱ्यांदा! निव्वळ दैव म्हणून हे सोडून द्यायला हरकत नाही, पण थोडा राग यावा अशी यात एक गोष्ट आहे. चित्रं निजामाच्या मुलखातली, मजुरी मुंबईच्या पोरांची, आणि साठवण मात्र लंडनला. एकच प्रत, एकाच शहरात. जिथे काम झालं तिथे त्याची एक जोडप्रत ठेवावी, असं कुणाला सुचलं नाही. उरलेल्या सामग्रीवरून ग्रिफिथ्स यांनी 1896-97 मध्ये दोन मोठे खंड प्रसिद्ध केले. गिलचे आणि ग्रिफिथ्स-मंडळींचे मिळून 166 कॅनव्हास आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

आता उलटी बाजू. अंधारातली धुरकट चित्रं नीट दिसावीत म्हणून उतरवून घेणाऱ्यांनी त्यांवर वार्निश लावलं. ताजं वार्निश लागलं की रंग खुलतात, हे प्रत्येक चित्रकाराला ठाऊक असतं. ते पुढे पिवळं, मग तपकिरी पडतं, हेही ठाऊक असतं. पण हाती असलेलं काम पुरं करायचं असलं की माणूस पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करत नाही. काळवंडलेल्या वार्निशाखाली निळे आणि हिरवे रंग बुडाले. अजिंठ्याची चित्रं करड्या-तपकिरी रंगाची आहेत अशी जी समजूत कित्येक पिढ्यांत पसरली, तिच्यात मूळ कारागिरांपेक्षा या वार्निशाचा हात मोठा. नेटाने, रोज, मन लावून केलेलं कामही चुकीचं असू शकतं, आणि नेटाने केल्यामुळेच ते चूक म्हणून लवकर ओळखू येत नाही.

पुढचा गट 1909 च्या हिवाळ्यात आला. क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज बाई स्वतः जुन्या चित्रपद्धतींच्या जाणकार. त्यांनी 1909-10 आणि 1910-11 असे दोन हिवाळे काम केलं. कोलकात्याहून अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्य मदतीला आले: नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा. हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन. हेरिंगहॅम यांचा कल थोडा वेगळा होता. भिंतीवर जसं आहे तसं, पोपड्यांसकट, नोंदवण्यापेक्षा मूळ चित्र कसं असेल ते भरून काढण्याकडे. इतिहासाच्या अभ्यासकाला हे पटणार नाही. गिल-ग्रिफिथ्स यांचे कॅनव्हास पुरावा म्हणून जास्त मोलाचे. पण हेरिंगहॅम यांच्या मोहिमेची खरी कमाई कागदावर नव्हतीच. ती नंदलालांच्या हातात होती. अजिंठ्यातली रेघ घेऊन ते शांतिनिकेतनला गेले, तिथे एक पिढी घडवली, आणि स्वतंत्र भारताच्या संविधानाची मूळ हस्तलिखित प्रत याच नंदलालांनी आणि त्यांच्या शिष्यांनी सजवली.

अजिंठा तोवर जगभर गाजू लागला होता. रशियन नर्तकी आना पाव्हलोव्हाने 1923 मध्ये लंडनच्या रंगमंचावर अजिंठ्याच्या चित्रांवर बेतलेलं नृत्य सादर केलं. त्याच वर्षी टोकियोच्या भूकंपात तिसरा घाव बसला. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून भारतात आलेले जपानी चित्रकार अराई काम्पो यांनी 1916 ते 1918 या काळात जपानी कागदावर अजिंठ्याची चित्रं छापून-रेखून घेतली होती. टोकियोच्या विद्यापीठात ती जपून ठेवली होती. 1923 च्या भूकंपात ती नष्ट झाली.

चित्रांबरोबरच अक्षरंही उतरवली जात होती, आणि इथे मराठी माणसांचं काम जास्त पक्कं आहे. मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी रुग्णांच्या रांगा सांभाळत शिलालेखांचा व्यासंग केला. अजिंठ्यातल्या लेखांवरचा त्यांचा निबंध 1863 सालचा. सोळाव्या लेण्याच्या बाहेर हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा लेख आहे. पावसाने झिजलेला, अर्धी अक्षरं गेलेली. त्यातून ‘वाकाटक’ हे जवळजवळ विसरलेलं घराणं अभ्यासकांसमोर आलं. पुढे नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तोच लेख पुन्हा वाचला, काही अक्षरं दुरुस्त केली, वंशावळ जुळवली. वाकाटकांच्या सगळ्या लेखांचा त्यांनी संपादित केलेला ग्रंथ 1963 मध्ये निघाला, म्हणजे भाऊ दाजींच्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी. एका भिंतीवरच्या काही ओळी नीट वाचायला एक शतक लागलं. अक्षराला अक्षर लावायचा हा उद्योग चित्रांसारखा दिखाऊ नाही, पण हरिषेण, वराहदेव ही नावं आज शाळेच्या पुस्तकात आहेत ती या उद्योगामुळे.

हैदराबाद संस्थानाने 1914 मध्ये स्वतःचं पुरातत्त्व खातं काढलं. गुलाम याझदानी त्याचे प्रमुख. ब्रिटिशांनी जे केलं नाही ते त्यांनी केलं: माणसं इथेच राहतील, अशी व्यवस्था. हेरिंगहॅम यांच्याबरोबर शिकलेले सय्यद अहमद हे अजिंठ्याचे क्युरेटर झाले. पाहुण्यासारखं दोन हिवाळे येऊन जाणं वेगळं आणि बारमाही देखभाल वेगळी. कोणती भिंत पावसाळ्यात ओल धरते, कोणता पोपडा यंदा सुटायला आलाय, हे तिथेच राहणाऱ्याला कळतं. प्रतिकृतीही संस्थानातच राहिल्या. हैदराबादच्या सरकारी संग्रहालयात अजिंठ्यासाठी वेगळं दालन झालं. याझदानी यांचा छायाचित्रांसह सविस्तर ग्रंथ चार भागांत निघाला. पहिला 1930 मध्ये, शेवटचा 1955 मध्ये. दरम्यान जगाने एक महायुद्ध पाहिलं, निजामाचं राज्य संपलं, देश स्वतंत्र झाला. चौथा भाग तरीही निघाला.

याच याझदानींच्या काळात इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन तज्ज्ञ बोलावले गेले. 1920 ते 1922 मधले दोन हिवाळे त्यांनी सुटलेला गिलावा जागच्या जागी चिकटवण्यात, कडा लिंपण्यात, जुनं वार्निश काढण्यात घालवले. कित्येक चित्रं त्यांच्यामुळे भिंतीवर टिकली. पण पक्केपणासाठी त्यांनी वर लाखेचा, म्हणजे चपड्याचा थर दिला. तोही पुढे पिवळा पडला. वार्निशाचा उपाय लाख, आणि लाखेचा उपाय शोधण्यात पुढची पिढी.

इथे औंधच्या राजांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार; 1932 मध्ये त्यांनी अजिंठ्यावर इंग्रजीत सचित्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून. रोज पहाटे ठरलेल्या संख्येने नमस्कार घालणारा राजा अजिंठ्याच्या चित्रकारांच्या प्रेमात पडला, यात काहीतरी सुसंगती आहे खरी.

स्वातंत्र्यानंतर लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आली आणि कामाचं रूप बदललं. आता चित्रं उतरवायची नव्हती, त्यांवर साचलेले थर उतरवायचे होते. हे काम संभाजीनगरच्या विज्ञान शाखेतल्या रसायनतज्ज्ञांचं. कापसाचा बोळा, सौम्य द्रावण, काही चौरस सेंटिमीटर जागा, मग थांबायचं, रंग हलत नाही ना ते पाहायचं. 1999 पासून राजदेव सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहाव्या लेण्यातली काजळी, लाख आणि वटवाघळांच्या घाणीचा थर याच गतीने काढला. खालून निघाली ती इसवी सनापूर्वीची चित्रं. भारतात टिकलेल्या बौद्ध चित्रकलेचे सर्वांत जुने नमुने, जे गिलपासून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही नीट दिसले नव्हते.

याच सिंग यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांच्यासोबत वेरूळच्या गिलाव्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. 2016 मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या त्यांच्या निबंधाने एक मजेशीर गोष्ट समोर आणली. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, अजिंठ्याच्या नाहीत. अजिंठ्यात किडीने गिलावा पोखरला, वेरूळला तसा त्रास फारसा नाही. म्हणजे अजिंठ्यानंतर शतकभराने वेरूळला काम करणाऱ्या गवंड्यांनी आपलं मिश्रण सुधारलं होतं. कुणा एका माणसाचं नाव त्यावर नाही. मागच्याचं कुठे बिघडलं ते पाहायचं आणि पुढच्या घाण्यात एक मूठ बदलायची, अशी ती सुधारणा.

मूळ कारागीरही शेवटी दिवसावर काम करणारेच होते. आधी गेरूची रेघ, मग अंग भरणं, मग पुन्हा काळसर रेघ. पिवळी माती, हिरवी माती, काजळी सगळं जवळचं; निळा लाजवर्द तेवढा दूर अफगाण मुलखातून आलेला. या चित्रांचा काळ नेमका कोणता, यावर अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी पन्नासहून अधिक वर्षं घालवली. पुन्हा पुन्हा अजिंठ्यात येऊन ते भिक्षूंच्या खोल्यांच्या दाराच्या बिजागऱ्यांची खोबणी पाहत राहिले. दार कसं बसवलं होतं, त्यात बदल कसा होत गेला, यावरून त्यांनी लेण्यांचा क्रम लावला आणि असा निष्कर्ष काढला की पाचव्या शतकातलं जवळजवळ सगळं काम वीसेक वर्षांत, साधारण 460 ते 480 या काळात झालं, आणि हरिषेणाच्या मृत्यूनंतर ते अचानक थांबलं. हा निष्कर्ष सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही. त्यांचा ग्रंथ 2005 पासून एकेक करत सात खंडांत निघाला. 2019 मध्ये ते वारले.

अर्धवट राहिलेली लेणी पाहिली की स्पिंक यांच्या म्हणण्यात तथ्य वाटतं. चोविसावं लेणं पुरं झालं असतं तर ते इथल्या सर्वांत मोठ्या विहारांपैकी एक ठरलं असतं. आज तिथे खडकाच्या तुकड्यात अडकलेले खांब आहेत, छिन्नीच्या समांतर खुणा आहेत. रोज येणारी माणसं एके दिवशी आली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. राजा गेला, पैसा थांबला. चिकाटीची शिकवण देणारे लोक ही बाजू सहसा सांगत नाहीत: रोजच्या कामाला रोजचा पगार लागतो, आणि तो देणारं कुणीतरी लागतं. गिलला कंपनी होती, ग्रिफिथ्सना मुंबई सरकार, याझदानींना निजाम. या आश्रयाच्या मागे स्वार्थ होता, मिरवणं होतं. पण तो जिथे तुटला तिथे काम तुटलं, मग कारागीर कितीही जिद्दीचा असो.

मग दोन आगी आणि एक भूकंप सोसून या सगळ्यांच्या हाती काय लागलं? बरंच काही. ग्रिफिथ्स यांच्या विद्यार्थ्यांनी रंगवलेल्या काही भागांतला गिलावा आता भिंतीवर नाही. तिथे कोण उभं होतं, हातात काय होतं, हे फक्त त्या कॅनव्हासवरून कळतं. गिलच्या जळालेल्या प्रतिकृतींपैकी काहींची लाकडी ठशांवरची छोटी चित्रं 1856 मध्ये लंडनला निघालेल्या एका पुस्तकात छापली गेली होती, म्हणून त्यांचाही माग लागतो. एकाच भिंतीच्या वेगवेगळ्या दशकांतल्या नोंदी शेजारी ठेवल्या की नुकसान कधी आणि कुठून सुरू झालं तेही समजतं. संवर्धनाचं आजचं काम अशा नोंदींवर उभं आहे. गिलचं काम यशस्वी झालं का, या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही. चार कॅनव्हास शिल्लक राहिलेल्या माणसाला यशस्वी म्हणणं जड जातं. पण त्याच्यानंतर दर पंचवीस-तीस वर्षांनी कुणीतरी त्याच भिंतींसमोर जाऊन बसलं, ही वाट त्याने पाडली यात शंका नाही.

संभाजीनगरच्या शाळा-कॉलेजांनी या माणसांची ओळख मुलांना करून द्यायला हवी. जयराव राघोबा किंवा सय्यद अहमद यांची नावं इथल्या चित्रकलेच्या किती शिक्षकांना सांगता येतील, हा प्रश्नच आहे. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रतिकृती आता इंटरनेटवर मोफत पाहता येतात. सहल नेण्याआधी सतराव्या लेण्यातली दोन-तीन चित्रं त्यात शोधा, मुलांना दाखवा, आणि मग त्याच भिंतीसमोर त्यांना उभं करून काय उरलंय, काय गेलंय ते शोधायला लावा. भिंतीला हात लावू देऊ नका, मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा, आणि आत फार वेळ गर्दी करून थांबू नका. माणसाच्या श्वासातली ओलही त्या गिलाव्याला भारी पडते. फर्दापूरच्या तिठ्यावर गाडी ठेवून पुढे लेण्यांपर्यंत बसने जावं लागतं. लेणी सोमवारी बंद असतात.